घाट लागला की गाडी तापते: ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं दर उन्हाळ्याचं दुखणं

सपाट रस्त्यावर काही नाही. गावात काही नाही. मागे ट्रेलर नसला तर डोंगर चढतानाही काही नाही. पण ट्रेलर जोडला, ऊन असलं आणि लांब चढ लागला, की पंधरा-वीस मिनिटांत तापमानाचा काटा मधली जागा सोडून वर सरकायला लागतो. थांबलं की खाली येतो, निघालं की पुन्हा वर. तुमच्या गाडीची लक्षणं हीच असतील तर पुढचं सगळं वाचा. आमचे दोन उन्हाळे आणि बरेच डॉलर चुकीच्या दुरुस्त्यांत गेले, तुमचे जाऊ नयेत.

आमची गाडी २०१२ची, ट्रकसारख्या चेसिसवर बांधलेली सहा सिलिंडरची एसयूव्ही. ओढायची क्षमता ५,००० पौंड. ट्रेलर २१ फुटी, कॅम्पिंगचा, आत राहायची सोय असलेला. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, म्हणजे कॅम्पिंगला कुठेही निघालं तरी आधी डोंगर ओलांडावा लागतो. पहिल्यांदा गाडी तापली ती आय-१५ महामार्गावर, कहोन पासला. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, बदलला. पुढच्या वर्षी त्याच महामार्गावर बेकरच्या पुढच्या चढाला तापली. बेकर गाव साधारण ९०० फुटांवर आहे आणि तिथून हॅलोरन समिटला जाईतो रस्ता ४,००० फुटांपर्यंत चढतो, तोही मोहावीच्या उघड्या वाळवंटातून. तिथे सरकारी पाटीच आहे, गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा अशी. आम्ही बंद केला होता, तरीही तापली. परत आल्यावर वॉटर पंप आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदललं. गॅरेजवाल्याने ट्रेलर न जोडता गाडी फिरवून आणली आणि ठीक आहे म्हणून परत दिली. ट्रेलरशिवाय ती ठीकच होती! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

तिसऱ्यांदा तापली ती ३९५ क्रमांकाच्या रस्त्यावर, बिशपच्या पुढे शेरविन ग्रेडला. बिशप ४,१०० फुटांच्या आसपास, घाटमाथा ७,००० फुटांवर. जूनचा पहिला आठवडा होता. या खेपेला माझे बाबा सोबत होते. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत, आणि गाडी तापणं म्हणजे काय हे त्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलंय. एक्स्प्रेसवे होण्याआधी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या ट्रकांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

काटा चढायला लागला तसे बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, “पोरी, काच खाली कर.” मला वाटलं त्यांना उकडतंय. त्यांनी डोकं बाहेर काढून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, “पंखा ओरडत नाहीये तुझा.”

आमचं निदान तिथे झालं. पण तिथवर पोचायच्या आधी, काटा चढतोय आणि तुम्ही रस्त्यातच आहात तेव्हा काय करायचं ते सांगते, कारण त्या वेळी चुकलं तर साधं दुखणं इंजिनच्या मरणावर जातं.

काटा चढतोय, अजून वाफ नाही

आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगात लावा. काचा उघडा. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या. हीटरच्या आतही एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनची उष्णता तो गाडीत ओढून घेतो आणि तेवढाच मोठ्या रेडिएटरवरचा भार हलका होतो. शिवाय हीटर तुम्हाला एक फार मोलाची गोष्ट सांगतो. काटा वर आहे आणि हीटरमधून हवा थंड येतेय, तर कूलंट संपलंय किंवा फिरत नाहीये. तेव्हा पुढचा फाटा, पुढचा पंप असं काही बघायचं नाही. मिळेल त्या सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करायचं. हवा गरमच येतेय, तर थोडा वेळ हाताशी आहे. वेग कमी करा, एक गियर खाली घ्या, जड ट्रकांच्या मागे लागा आणि थांबण्याजोगी रुंद जागा येईपर्यंत तसेच चला. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैलच आहे. लांब चढावर चाळीसवर यायला काहीही हरकत नाही, फक्त उजव्या लेनमध्ये आणि गरज पडली तर पार्किंगचे दिवे लुकलुकते ठेवून.

काटा एकदम झपकन खाली आला तर सुटलो असं मुळीच समजू नका. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट वाहून गेलं की तो हवेत उघडा पडतो आणि खोटं सांगायला लागतो.

थांबल्यावर

वाफ नसेल आणि हीटर गरम असेल तर गाडी पार्कमध्ये घेऊन इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, कूलंट फिरत राहू दे. वाफ दिसत असेल तर लगेच बंद. बॉनेट लांबूनच उघडा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, फडकं घेऊनसुद्धा नाही. आतलं कूलंट १०० अंशांच्या पुष्कळ वर असतं आणि केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकाच वेळी उकळून अंगावर येतं. बाबांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत त्याची खूण आहे, १९८४ची. पाऊण तास थांबा. मग वरचा जाड रबरी पाइप जाड फडक्यातून दाबून बघा. तो मऊ असेल आणि हाताला सोसवत असेल तर झाकण हळूहळू, पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर सिलिंडर हेडला चीर पडू शकते, तेव्हा तेही नाही.

आणि ट्रेलरचं. चढावर उभे असाल तर गाडीतून उतरल्यावर पहिलं काम ट्रेलरच्या चाकांखाली ठोकळे लावणं, तो घरंगळू नये म्हणून. ट्रेलर गाडीपासून सोडायचा विचार त्यानंतर. आम्ही हे लाकडी ठोकळे ट्रेलरच्या आत, सगळ्या सामानाखाली ठेवायचो. आता ते गाडीच्या डिकीत, वरच असतात. माणसं उजव्या दाराने उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून दूर उभी करा. उन्हाने हैराण झालो तरी महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरच्या आत जाऊन बसू नका, हे मी फार मनापासून सांगतेय. मागून येणाऱ्या ट्रकच्या वाटेतली पहिली वस्तू तीच असते.

पिण्याच्या पाण्याचा हिशोब प्रवासाला निघतानाच करून ठेवायचा. वाळवंटी भागात माणशी रोज निदान एक गॅलन, म्हणजे चार लिटरच्या आसपास. ट्रेलरच्या टाकीत पाणी असतं हा आपला मोठा आधार आहे, पण बॅटरी उतरली की पंप बंद पडतो. तेव्हा दोन गॅलन वेगळ्या कॅनमध्ये असू द्या.

कधी तापते ते आधी लिहून काढा

आमचं चुकलं ते इथे. गाडी तापली एवढंच आम्ही गॅरेजला सांगत होतो. कधी, कुठल्या वेगात, किती वेळाने, हे कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. खरं तर अर्धं निदान तेवढ्यावर होतं.

उभ्या गाडीत किंवा कमी वेगात तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की निवते, तर रेडिएटरला हवा कमी पडतेय. पंखा बघा. उलट, कमी वेगात ठीक आणि महामार्गावर वेगात तापते, तर कूलंटचा प्रवाह अडतोय: रेडिएटर आतून चोंदलाय, पंप दमलाय किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाहीये. गाडी सुरू केल्यावर दहा मिनिटांतच, रस्ता कसाही असो, तापते तर थर्मोस्टॅट किंवा गळती. आणि फक्त ट्रेलर जोडून लांब चढावर, ३५-४० मैलांच्या वेगात तापते, तर इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि समोरून येणारा वारा मात्र थोडा आहे. अशा वेळी सगळी मदार पंख्यावर आणि रेडिएटरच्या जाळीतून किती हवा आरपार जाते त्यावर असते. आमची तक्रार तीनही वेळा हीच होती. थर्मोस्टॅट आणि पंप बदलून उपयोग होणार नव्हता.

त्यात उंचीची भर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे शेरविनच्या माथ्यावर पाचव्या हिश्शाच्या आसपास ताकद गेलेली असते. विरळ हवा रेडिएटरमधून उष्णताही कमी वाहून नेते. घाट चढतोय तसतसं काम वाढतं आणि साधनं घटतात.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून हे टिपण होत नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्ये धरून ठेवलेला असतो. ८५ अंशांना मध्ये आणि १०२ अंशांनाही मध्येच. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायची जागा) बसणारा ब्लूटूथ रीडर घ्या, वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. फोनवर कूलंटचं खरं तापमान दिसतं आणि पुष्कळ गाड्यांत गियरबॉक्सच्या तेलाचंही. मी तो बाबांसाठी सेल्सिअसवर लावला होता, तसाच ठेवलाय. चढाच्या पायथ्याशी किती, दर दोन मैलांनी किती, माथ्यावर किती, हे शेजारी बसलेल्याने कागदावर लिहायचं. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ट्रेलर नाही नेता येणार, पण हा कागद नेता येतो.

पंखा आणि जाळी

आता बाबांच्या वाक्याकडे येते. आमच्यासारख्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि मध्ये एक फॅन क्लच असतो. त्याच्या तोंडाशी दोन धातूंची एक गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती पट्टी वळते, आतली झडप उघडते, सिलिकॉनचं घट्ट तेल पसरतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरायला लागतो. त्या वेळी एखादी लॉरी शेजारून जावी तसा घरघराट ऐकू येतो. चढावर काटा हलायच्या बेतात आहे आणि हा आवाज नाही, तर क्लच पकडत नाहीये. बाबा काच खाली करून तेच ऐकत होते.

घरी तपासायला सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड, किल्ली खिशात. पंखा हाताने फिरवा. मधात हात घातल्यासारखा जडपणा लागला पाहिजे आणि सोडल्यावर तो लगेच थांबला पाहिजे. सुळकन दोन-तीन वेढे फिरला तर क्लच गेला. क्लचच्या मध्यापासून बाहेर फेकल्यासारखे तेलकट काळे ओघळ असतील तर आतलं तेल गळून गेलंय. पाती पुढेमागे हलवून बघा, खिळखिळ असेल तर बेअरिंगही संपलंय. आमचा पंखा चार वेढे फिरला. विजेवर चालणारा पंखा असलेल्या गाडीत तपासणी वेगळी: इंजिन चालू ठेवून एसी लावायचा, पंखा लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघायचं.

पण बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. बिशपच्या कॅम्पग्राउंडवर परत आल्यावर त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून समोरच्या जाळीत बघितलं. पुढून सगळं स्वच्छ दिसत होतं, कारण पुढून दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे असतो आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर फट. वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून त्यांनी त्या फटीत सळईचा आकडा घातला आणि बाहेर ओढला, तर करड्या रंगाचा एक पट्टाच निघाला. जाड, नमद्यासारखा दाबलेला, त्यात माश्या, चतुरांचे पंख आणि गवताची कुसळं अडकलेली. बाबांनी तो चिमटीत धरून पिंजला, तर आत पांढरा मऊ कापूस. “ही तर सावर,” म्हणाले. सावर नव्हती, पण फार चुकले नव्हते. तो कॉटनवूडच्या झाडाचा कापूस होता. ओवेन्स खोऱ्यात ओढ्याकाठी ही झाडं भरपूर आहेत आणि वसंत सरता सरता त्यांचा कापूस हवेत हिमासारखा उडत असतो. आम्ही दरवर्षी मे-जूनमध्ये तिथेच, त्याच झाडांच्या सावलीत तळ टाकत होतो.

या दोन बिघाडांचं एकमेकांशी नातं आहे. जाळी बुजली की तिच्यातून गरम हवा मागे येत नाही. गरम हवा पोचली नाही की क्लचच्या पट्टीला इंजिन तापलंय हे कळत नाही आणि पंखा उशिरा पकडतो. म्हणून फक्त क्लच बदलून किंवा फक्त जाळी धुऊन भागत नाही. दोन्ही बघा.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर जातो. बागेतली साधी नळी पुरे. प्रेशर वॉशर नको, त्याने जाळीच्या पातळ पात्या आडव्या पडतात आणि मग हवा कायमची अडते. कंडेन्सरचे वरचे बोल्ट सोडले की तो दोन-तीन बोटं पुढे झुकतो, तेवढी जागा हाताला पुरते. एसीच्या नळ्या मात्र सोडायच्या नाहीत, त्यांत दाबाखालचा वायू असतो. आम्हाला ट्रेलरच्या टाकीतलं तीस गॅलन पाणी लागलं आणि शेवटपर्यंत कापूस निघतच होता.

बाकीचं, थोडक्यात

रेडिएटरचं झाकण स्वस्त आहे म्हणून दुर्लक्षित राहतं. अर्धं पाणी, अर्धं कूलंट असं मिश्रण उघड्यावर १०६ अंशांना उकळतं. तेच १६ पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) दाब धरणाऱ्या झाकणाखाली १२५च्या पुढे जातं. झाकणाचं रबर कडक झालं, दाब धरेना, की हा सगळा फायदा गेला. दर चार-पाच वर्षांनी बदलून टाका.

वजन प्रत्यक्ष काट्यावर करून घ्या. आमच्या ट्रेलरच्या माहितीपत्रकात ३,७०० पौंड लिहिलंय. ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर सामानासकट ४,७४० भरलं. चाळीस गॅलनची भरलेली टाकी एकटीच ३३० पौंडांची. घाटापूर्वी ती पाऊण रिकामी करा, वर गेल्यावर भरा. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गियरमध्ये, चढू नका. गियरबॉक्स वर-खाली गियर शोधत राहिला की त्याचं तेल तापतं, आणि ते तेल बऱ्याच गाड्यांत रेडिएटरमधूनच थंड होतं, म्हणजे ती उष्णताही फिरून कूलंटमध्ये येते. तेलाने १२० अंश ओलांडले तर थांबा.

टो ट्रक बोलवायची वेळ आलीच तर फोनवर आधीच सांगा: दोन वाहनं आहेत, ट्रेलर इतका लांब, इतक्या वजनाचा, हिचचा (ट्रेलर जोडायच्या आकड्याचा) बॉल इतक्या इंचाचा, वायरिंग सात पिनांचं, माणसं इतकी, मुलांच्या सीट इतक्या. हे न सांगितल्याने आमच्याकडे पहिल्यांदा आलेला ट्रक फक्त गाडी नेऊ शकणारा होता आणि केबिनमध्ये जागाही मोजक्यांनाच. एक जण ट्रेलरपाशी थांबला, मुलं आणि मी गाडीबरोबर गेलो, आणि कुटुंब चार तास दोन ठिकाणी होतं. रस्तेमदतीचं सदस्यत्व घेताना ट्रेलर त्यात धरलाय का, हा प्रश्न स्पष्ट विचारून उत्तर लेखी घ्या. साध्या सदस्यत्वात तो बऱ्याचदा नसतो. भाड्याची गाडी घेऊन ट्रेलर ओढून नेऊ हा बेत धरू नका, बहुतेक कंपन्यांना ते चालत नाही. ३९५वर आणि डेथ व्हॅलीकडे मोबाइलला रेंज नसलेले लांब पट्टे आहेत. तेव्हा मागे गेलेला मैलाचा आकडा किंवा शेवटची पाटी लक्षात ठेवत जायची सवय मुलांनाच लावा, त्यांना ती आवडते.

नवा फॅन क्लच आम्ही घरीच बसवला, चार नटांचं काम. झाकण बदललं, जाळी पुन्हा एकदा घरी नीट धुतली. यंदा जूनमध्ये त्याच ट्रेलरसह शेरविन चढलो. बिशपला ८९, अर्ध्या चढावर ९६, आणि मग पंख्याने घरघर सुरू केली. माथ्यावर ९८. बाबा आता सांगलीत आहेत. फोन खिडकीबाहेर धरून तो आवाज मी त्यांना रेकॉर्ड करून पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “आता बरोबर ओरडतोय. उतारावर ब्रेक कमी, गियर जास्त.”